साचा काढायचा राहिला

सगळ्यात आधी भागीरथीकाकींचं नाव घेतो. ठाकूरद्वारला आमच्या वाडीत तळमजल्यावर त्यांची खानावळ होती. बेळगावकडच्या खेड्यातून, सातवी अर्धवट टाकून मी मुंबईत आलो, तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं आणि चार माणसांत तोंड उघडायची हिंमत नव्हती. काकींनी मला पंगतीत बसवलं. नाव नंतर विचारलं, आधी भात वाढला. झोपायला जिन्याखालची जागा दिली. वाडीनं माझं नाव 'बेळगाव' ठेवलं, ते आजतागायत चालू आहे. मी आज जो काही आहे तो काकींच्या पदरामुळे आहे, हे पहिल्यांदा लिहून ठेवतो. पुढचं वाचताना ते विसरू नये, एवढी विनंती.

संपादकांनी सांगितलं, 'उघड्यावर पुतळे मांडायच्या तुमच्या कामाबद्दल लिहा, गमतीजमती सांगा.' मला लिहायची सवय नाही. गावी पत्र धाडायचं तरी हाताला घाम येतो. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

माझं काम काय आहे, हे माझ्या भावालासुद्धा नीट कळलेलं नाही. मुंबईत कुठं चाळ पडते, कुठं गोदाम जळतं, कुठं भावाभावांचा दावा कोर्टात अडकतो, आणि जागा वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. लोक तिथं कचरा टाकतात. मग शिल्पकार मंडळी मालकाच्या मागे लागून ती जागा थोड्या दिवसांसाठी मागून घेतात. कचरा उपसायचा, जमीन चोपून सारखी करायची, चौथरे रचायचे, पुतळे चढवायचे, मुदत असेतो राखण करायची आणि मुदत संपली की जागा होती तशी परत द्यायची, हे माझं काम. लालबागच्या एका मालकानं 'होती तशी' याचा फारच मान ठेवला. जागा साफ बघून तो माझ्यावरच ओरडला, "माझा ढीग कुठं गेला? तो भरणीसाठी एकाला कबूल केला होता!"

या कामात सिमेंट वापरायचं नाही. विटा सुक्याच रचायच्या. सिमेंटचा एक थर दिसला की मालकाला रात्री झोप येत नाही. त्याला वाटतं, पुतळा आता भाडेकरू झाला. परळला माझ्या हातून एकदा कोपऱ्यात जरासं सिमेंट लागलं, तर मालकाचा माणूस दुसऱ्या दिवशी वकील घेऊन हजर.

आणि गिऱ्हाइकं! आमच्याकडे कुणी विकत घ्यायला येत नाही, पण बघायला येणाऱ्याला मी गिऱ्हाईकच म्हणतो. परळलाच एक लोखंडी पुतळा होता, पट्ट्या-सळया जोडून केलेला. एक भंगारवाला रोज यायचा, त्याच्याभोवती फेरी मारायचा, बोटानं टकटक करून बघायचा. शेवटी त्यानं शिल्पकारालाच गाठलं. "साब, ये कब टूटेगा?"

"टूटेगा नहीं. ये कला है."

"हां हां, कला तो है, वो मैं समझ गया. लेकिन टूटेगा कब?"

असं बरंच आहे. पण गमती लिहायला बसलो की दर वेळी हात पहिल्या प्रदर्शनापाशी जातो आणि तिथंच थांबतो. म्हणून तेच लिहितो.

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती. मी लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यात माती मळायला होतो. गणपती झाले की कारखाना थंड, मग मिळेल ते काम करायचं. वाडीला लागूनच एक पाडलेल्या चाळीची जागा होती. शाळेत चित्रकला शिकवणारे पाध्ये मास्तर काकींकडे जेवायला यायचे. त्यांचा आणि त्यांच्या दोन-तीन मित्रांचा बेत ठरला की पुतळे या जागेवर उघड्यावर मांडायचे. मास्तर म्हणायचे, "तिकडे फोर्टात, संगमरवरी पायऱ्या चढून कोण जाणार आहे आपल्या चाळीतलं? दारवान बघूनच माणूस परत फिरतो." चौथऱ्यांचं आणि मातीचं काम त्यांनी मला दिलं.

काकींचा एकुलता एक मुलगा वसंत आदल्या वर्षी गोळीबारात गेला होता. छापखान्यात खिळे जुळवायचा. तो मोर्चात होता की नव्हता, यावर वाडीत वाद चालायचा. काकी एवढंच म्हणायच्या, "जेवूक घराक येय होतो." त्याचा फोटो नव्हता. म्हणजे एक होता, कबड्डीच्या संघाचा. पण फोटो काढताना कुणीतरी हाक मारली असावी, वसंतनं मान वळवली आणि चेहऱ्याच्या जागी नुसता धूर आला. मास्तरांनी ठरवलं, वसंत करायचा. काकींच्या सांगण्यावरून करायचा.

खानावळीच्या मागच्या पडवीत काम सुरू झालं. दुपारी जेवणं आटोपली की काकी हात पुसत यायच्या आणि पाटावर बसायच्या. मी शाडू मळून द्यायचो, मास्तर लावायचे, काकी मोडायला लावायच्या.

"कान मोठे करा, मास्तर. बापाशीचे कान होते तेका."

"एवढे?"

"ह्ये हत्तीचे झाले! माजो झील काय गणपती होतो?"

मी हसलो की मला ओरडा बसायचा. एकदा मास्तरांनी ओठ जरा हसरे केले. काकी उठून उभ्या राहिल्या. "हसूक लावू नका तेका. तो हसलो की पयले डोळे बारीक होत. तोंड मागसून." मास्तरांनी ओठ पुसले आणि डोळ्यांना हात घातला. काकींनी ते बघितलं आणि चूल पेटवायला गेल्या. त्या दिवशी मास्तर मला म्हणाले, "आला रे. डोळ्यांत आला."

ओली माती उन्हात टिकत नाही, चिरा पडतात. मास्तरांना ती काळजी होती. मी घाबरत घाबरत सांगितलं, कारखान्यात आम्ही काथ्या कुटून मिसळतो. त्यांनी तसं केलं. वाळल्यावर एक चीर नाही. मास्तरांनी सगळ्या मित्रांसमोर माझी पाठ थोपटली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शिकलेल्या माणसानं पाठ थोपटली होती. मला वाटायला लागलं, मातीतलं आपल्याला सगळं कळतं. तेच वाटणं पुढं आडवं आलं.

प्रदर्शन लागलं. एक दगडी बाई, काही लाकडी घोडे, आणि मधोमध कमरेपर्यंतचा वसंत. जमावबंदी चालू होती. पहिल्याच दिवशी शिंदे हवालदार आले. पुतळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सभा हाय का ही?"

"नाही साहेब. पुतळे आहेत."

"मला दिसतंय. पाचाच्या वर मानसं जमायची न्हाईत, ठाव हाय न्हवं?"

"पुतळे धरून का साहेब, सोडून?"

मी खरंच घाबरून विचारलं होतं. हवालदारांना वाटलं, मी चेष्टा करतोय. पण तेवढ्यात वसंतसमोर उभ्या असलेल्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला, ते त्यांनी बघितलं. टोपी सारखी केली आणि म्हणाले, "पुतळं सोडून मोज." आणि गेले.

दुसऱ्या दिवसापासून वसंतपुढं फुलं यायला लागली. कुणी हार घालायचं, कुणी उदबत्ती लावायचं. मी रोज शिळी फुलं काढायचो, खाली झाडून घ्यायचो. मंडपात गणपतीचं करतात तसंच. मास्तर बघायचे, काही म्हणायचे नाहीत.

इथं एक समजावून सांगायला हवं. गणपतीच्या कारखान्यात आमच्याकडे साचे पेणहून तयार यायचे. साच्यात माती दाबायची, मूर्ती बाहेर काढायची. मोठी असली तर हातानं घडवायची. रंगवायची, द्यायची, आणि मुदत संपली की ती पाण्यात जायची. म्हणजे आमच्यात साचा आधी आणि माती मागून. शिल्पकारांचं उलटं असतं. ते आधी माती करतात, मग मातीवरून प्लास्टरचा साचा काढतात, आणि त्या साच्यातून जे निघतं तो त्यांचा पुतळा. माती ही त्यांची सुरुवात. आता मला हे झोपेतसुद्धा सांगता येतं. तेव्हा माहीत नव्हतं. मास्तरांना वाटत होतं, ते सगळ्यांनाच माहीत असतं.

मुदत संपायच्या आधी मास्तर आणि त्यांचे मित्र सत्याग्रहाच्या तुकडीत गेले आणि पकडले गेले. जाताना मास्तर मला म्हणाले, "बेळगाव, जागेकडे बघ." बाकी काही बोलायला वेळ नव्हता. दगडी बाई आणि घोडे त्या त्या शिल्पकाराच्या घरची माणसं येऊन घेऊन गेली. जागामालकाचा मुनीम येऊन सांगून गेला, उद्या कुंपण घालणार. राहिला वसंत.

काकींची पडवी समोर होती. चार माणसांनी उचलून तिथं ठेवला असता तर आज हा लेख नव्हता. पण मुदत संपलेली, हार पडलेली शाडूची मूर्ती परत घरात न्यायची, हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. आमच्यात ते अशुभ. कुंपणाच्या आत कुत्र्यामांजरांत टाकून द्यायची, हे तर त्याहून वाईट. मी काकींना जाऊन सांगितलं, आज वसंतचं विसर्जन करू.

काकी पीठ मळत होत्या. हात थांबला. "मास्तरांका विचारलंस?"

खरं तर इथं थांबायला जागा होती. मास्तर आठ-पंधरा दिवसांत सुटणार होते. पण मी काय बोललो ते शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "काकी, यात विचारायचं काय? शाडूचं आहे. हार पडलेत. असंच असतं." वर हेही म्हणालो, "मातीतलं मला कळतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कारखान्यातला माणूस, त्याला ठाऊक असणार, असं ते बघणं होतं. म्हणाल्या, "बरां. तुका कळता तसा कर."

जमावबंदीमुळे मिरवणूक नव्हती. हातगाडीवर वसंतला बसवला, बाजूनं गवत भरलं. आम्ही चौघं. काकींना धरून पाच झालो असतो, पण मागून वाडीतली पोरं जोडली गेली असती आणि हवालदारांना जाब द्यावा लागला असता. काकी म्हणाल्या, "मी येतंय फूटपाथान." आणि समोरच्या फूटपाथवरून, एकट्या, हातात दहीभाताची वाटी धरून चौपाटीपर्यंत चालत आल्या. आम्ही रस्त्यानं, त्या पलीकडून. मध्ये बस आली की दिसेनाशा व्हायच्या, बस गेली की परत दिसायच्या. दुकानांतली माणसं उठून उभी राहत होती. कुणी घोषणा दिली नाही.

वाळूत गाडी थांबवली. काकींनी वसंतच्या ओठांना दहीभात लावला आणि पदरानं पुसून काढला, जसं जेवताना मुलाचं तोंड पुसतात तसं. मग आम्ही त्याला उचलून कमरेइतक्या पाण्यात नेला. तीनदा बुडवला आणि सोडला. वाळलेला शाडू पाण्यात गेला की पाणी पितो आणि त्यातून बुडबुडे निघतात. ते मी कारखान्यापासून बघत आलोय. पण वसंतच्या तोंडावरून बुडबुडे वर यायला लागले, तेव्हा आमच्यातला एक जण रडत किनाऱ्याकडे पळाला. मी मात्र उभा राहिलो. मला वाटत होतं, आपण फार नीट केलं. रीतीप्रमाणे पाटावर थोडी वाळू घेतली आणि काकींच्या ओंजळीत दिली.

मास्तर सुटून आले ते घरी न जाता थेट जागेवर आले. मागे हमालाच्या डोक्यावर प्लास्टरची गोणी. त्यांचे मित्रही बरोबर होते. कुंपणाच्या बाहेर मी उरलेल्या विटा रचत होतो.

"कुठं ठेवलास?" मास्तरांनी हसत विचारलं.

"कोण?"

"वसंत रे! प्लास्टरला पैसे जमले एकदाचे, आज साचा काढू. मग बघ, पुतळा किती वर्षं टिकतो ते."

मी म्हणालो, "पाण्यात सोडला मास्तर. सगळं रीतीनं केलं." आणि मी हसत होतो. शाबासकीची वाट बघत होतो. ते हसू आठवलं की आजही मी हातातलं काम खाली ठेवतो.

मास्तरांनी गोणी हमालाच्या डोक्यावरून उतरवून घेतली आणि तिच्यावरच बसले. मित्र मात्र बोलले. त्यातल्या चष्मेवाल्यानं माझी गचांडी धरली. "कुणी सांगितलं तुला? कुणी सांगितलं? खेडवळ माणूस कामावर ठेवला की असं होतं. एवढा एकच चेहरा होता त्याचा, जगात!" माणसं जमली. वाडीतलं कुणीतरी म्हणालं, ह्याला वाडीतून काढा. मी काय केलंय ते आत्ता कुठं मला कळत होतं.

काकी खानावळीतून आल्या. हाताला पीठ होतं.

"काय आरडतास? सोड तेका. मिया सांगलंय."

"काकी, तुम्ही?"

"मिया. झील माजो. खय ठेवचो, खय सोडचो, ता माजा मी बघीन."

चष्मेवाल्यानं माझी कॉलर सोडली. काकींकडे बघून हात जोडले, पण ते जोडणं नमस्काराचं नव्हतं; यांच्यापुढं काय बोलायचं, असं होतं. मी तोंड उघडायला गेलो. काकींनी बघितलं फक्त. मी गप्प बसलो.

त्याच आठवड्यात मी मास्तरांच्या घरी जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत आहे. काकी असं सांगणाऱ्या नाहीत. माझंही चुकलं. इतके महिने माझ्याबरोबर माती मळलीस, आणि पुढं काय करायचंय हे तुला एकदाही सांगितलं नाही." मी रडलो. ते म्हणाले, "रडू नको. परत करू."

परत करायला बसले. तीच पडवी, तीच दुपार. काकी पाटावर बसल्या. मास्तरांनी कान लावले. काकी म्हणाल्या, "बरे आसत." नाक लावलं. "बरा आसा." मास्तरांनी मुद्दाम हनुवटी चुकीची केली, मला ती चुकीची दिसत होती. काकी म्हणाल्या, "तशीच आसात." मास्तरांनी माती खाली ठेवली. ओला फडका तिच्यावर टाकला आणि तो परत उचलला नाही.

नंतर मी काकींना विचारलं, तुम्ही खोटं का बोललात? त्या भांडी लावत होत्या. म्हणाल्या, "माजो एक गेलो. तुका वाडीसून घालवल्यानी असता, तर तू खय गेलो असतंस रे?" त्या पुढं म्हणाल्या, "जेवलंस?"

मास्तरांनी मला कामाला लावलं, त्यांच्या मित्रांनी पुढं आणखी कामं दिली, आणि हा धंदा माझा झाला. चष्मेवाले आता मोठे झालेत. उघड्यावरच्या प्रदर्शनाचं उद्घाटन त्यांच्या हातून होतं आणि दर वेळी भाषणात एक गोष्ट ते सांगतात: एका अडाणी आईनं देवभोळेपणानं आपल्याच हुतात्मा मुलाचा पुतळा समुद्रात बुडवला, लोकांना कला शिकवायला हवी ती याचसाठी. लोक हळहळतात. मी मागे विटा सारख्या करत ती गोष्ट ऐकतो. पुढं मुंबई महाराष्ट्रात आली आणि आमचं गाव पलीकडे राहिलं, त्या दिवशी वाडीत पेढे वाटले तेव्हाही कुणीतरी म्हणालं, वसंतचा पुतळा असता तर आज हार घातला असता, म्हातारीनं घात केला. काकी तिथंच वाढत होत्या. मी तिथंच जेवत होतो. पान संपवून उठलो.

त्यांच्या बाजूनं बोलायला गेलो तर काम जाईल ही भीती होती, हे खोटं कशाला सांगू? आणि दुसरं असं की, काकींनी दिलेलं परत करायला गेलो तर त्या ओरडतील, असं मी स्वतःला सांगत आलो. ते सोयीचं होतं.

म्हणून इथं लिहितो. चष्मेवाले साहेब हा अंक वाचतात, हे मला माहीत आहे. साहेब, भागीरथीकाकींनी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, मास्तरांना विचारलंस का? एवढं विचारणारी त्या दिवशी त्या एकट्याच होत्या. भाषणात माणूस बदला. बेळगाव म्हणा. मी मागेच उभा असेन.

काकी आता मालवणकडे भाच्याजवळ असतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. भाच्यानं लिहिलं, मुंबईला नेऊन शस्त्रक्रिया करायला पाहिजे, पण त्या ऐकत नाहीत. मी मे महिन्यात गेलो होतो. ओटीवर बसल्या होत्या, माझ्या आवाजानं ओळखलं. मी म्हणालो, काकी, चला माझ्याकडे, डोळे करून आणू. त्या म्हणाल्या, "आता बघूचा काय रवलाहा, बेळगाव?"

रात्रीच्या गाडीनं परत आलो. पण त्या दिवसापासून मनाशी धरलंय, आणि इथं छापून जातंय म्हणजे आता मोडता येणार नाही. काकींना मी मुंबईला आणीन. हाताला धरून दवाखान्यात नेईन, परत घरी आणीन, पट्टी सुटेपर्यंत उशाशी बसेन. कधी जमेल ते सांगत नाही. त्या हो म्हणतील तेव्हा, आणि हो म्हणेपर्यंत मी विचारत राहीन. पट्टी सुटल्यावर काय बघायचं, ते काकी ठरवतील. मी त्यांना काही सांगणार नाही.